रोमन साम्राज्यातली पहिली ख्रिस्ती मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांविषयी बोललं की मागाहून प्रश्न येतात, आणि ते बहुतेक तेच असतात: सिंह, भुयारं, कॉन्स्टन्टाइन, संत थॉमस. ते इथे एकत्र केले आहेत. शब्दही शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. माझा कल आधीच सांगतो. रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांच्या, कथांपेक्षा त्या काळचे दाखले, जप्तीच्या याद्या आणि पत्रं मला जास्त बोलकी वाटतात, त्यामुळे उत्तरं तिकडे झुकलेली दिसतील.

१. पहिली मंडळी म्हणजे कोणता काळ? आणि ‘मंडळी’ कशाला, सरळ ‘चर्च’ का नाही म्हणत?

येशूला सुळी दिलं ते साधारण इ.स. ३० मध्ये, पिलात सुभेदार असताना. तिथून ३८० मध्ये ख्रिस्ती श्रद्धा साम्राज्याचा अधिकृत धर्म होईपर्यंतचा काळ इथे धरला आहे. स्थळं मुख्यतः यरुशलेम, अंत्युखिया, करिंथ, रोम, अलेक्झांड्रिया आणि कार्थेज.

शब्दाचं म्हणाल तर मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. ग्रीक नगरातल्या नागरिकांची सभा भरायची, तिला हे नाव होतं. इमारतीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे आपल्याकडचे प्रोटेस्टंट ‘मंडळी’ म्हणतात आणि कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, ते दोन्ही शब्द ‘चर्च’पेक्षा मुळाच्या जवळ आहेत.

२. पहिले अनुयायी यहुदीच होते ना? मग वेगळा धर्म कधी झाला?

यहुदीच होते, आणि ‘कधी’ला एक तारीख नाही. अंत्युखियात त्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव पडलं. साधारण ४९ मध्ये यरुशलेमात बैठक झाली आणि यहुदी नसलेल्यांनी सुंता करायची गरज नाही असं ठरलं. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमातलं यहुद्यांचं मंदिर जाळलं आणि दोन्हीकडच्या लोकांना नव्याने घडी बसवावी लागली. तरी सगळा व्यवहार तुटला नव्हता. ३८६-८७ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनंतरही, अंत्युखियातले ख्रिस्ती यहुद्यांच्या सणांना सभास्थानात जात होते आणि योहान क्रिसोस्तोम प्रवचनांतून त्यांच्यावर आग पाखडत होता. धर्मगुरूंनी आखलेली रेघ शेजाऱ्यांना दिसत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. त्या प्रवचनांची भाषा मात्र विखारी आहे आणि पुढच्या शतकांत तिचा वाईट उपयोग झाला.

३. हा गरिबांचा आणि गुलामांचाच धर्म होता का?

टीकाकार तसं म्हणत. दुसऱ्या शतकातला केल्सस नाक मुरडून सांगतो की लोकर पिंजणारे, चपला शिवणारे आणि कपडे धुणारे लोक घरातल्या बायकापोरांना गाठून शिकवतात. पण गावोगावी मंडळ्या उभारणाऱ्या पौल या प्रचारकाच्या पत्रांत करिंथ नगराचा खजिनदार एरास्त भेटतो, तंबू शिवणारं प्रिस्का आणि अक्विला हे जोडपं भेटतं. फिलिप्पैत जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया होती. बिथिनियाचा सुभेदार प्लिनी साधारण ११२ मध्ये सम्राटाला कळवतो की सर्व वयांचे, सर्व थरांचे आणि बायका-पुरुष दोन्ही यात आहेत.

सगळे थर एकत्र आले म्हणून सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. करिंथात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस त्याचं शरीर-रक्त म्हणून घेण्याच्या विधीला, सुखवस्तू लोक लवकर येऊन जेवून घेत. कष्टकरी दिवस संपवून पोहोचत तेव्हा ताटं रिकामी, आणि आधी आलेले काही जण प्यायलेले. पौलाने यावर त्यांना चांगलंच खडसावलं आहे.

४. घरात जमत असत, तर वेगळी इमारत कधी आली?

आपल्याकडे सर्वांत चांगला पुरावा फरात नदीकाठच्या दुरा-युरोपसचा आहे. सीरियातल्या या लष्करी ठाण्याच्या गावात १९३१-३२च्या उत्खननात एक साधं घर सापडलं. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्यात फेरफार केले होते: दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे पाण्याने दीक्षा द्यायला, हौद बांधलेला. हौदामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे, दुसरीकडे पाण्यावरून चालणारा येशूचा शिष्य पेत्र. बाहेरून बघणाऱ्याला ते घरच वाटलं असतं.

ते वाचलं कसं हे ऐकण्यासारखं आहे. २५६च्या सुमारास इराणच्या ससानी सैन्याने वेढा घातला. तट भक्कम करायला रोमनांनी तटालगतची घरं मातीने भरून टाकली. गाव पडलं, पण मातीखाली रंग टिकले. त्याच तटालगत, थोड्याच अंतरावर, भित्तिचित्रांनी भरलेलं यहुदी सभास्थानही मिळालं.

५. ते लपण्यासाठी कॅटाकोंब नावाच्या भुयारांत राहत, हे तरी खरं ना?

नाही. सिनेमांनी पक्का करून ठेवलेला गैरसमज आहे हा. कॅटाकोंब ही दफनाची जागा. रोमच्या हद्दीत पुरायला कायद्याने मनाई होती, म्हणून वेशीबाहेरच्या मऊ दगडात गल्ल्या खोदून मृतांना ठेवत. यहुद्यांचीही अशी भुयारं होती. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्त्यांना दफनभूमीत जायची बंदी केली. जागा गुप्त असती तर बंदी कशावर घातली असती?

सर्वांत प्रसिद्ध कॅटाकोंब कॅलिस्टसच्या नावाचा आहे. हा मुळात गुलाम. मालकाच्या पैशावर पेढी चालवली, ती बुडाली, पळून जाताना पकडला गेला, पुढे सार्डिनियाच्या खाणीत रवानगी झाली. सुटून आल्यावर दफनभूमीची व्यवस्था त्याच्याकडे आली, आणि २१७च्या सुमारास तो रोमचा बिशप झाला. ही हकिकत त्याच्या कट्टर विरोधकाने लिहिलेली आहे, तेव्हा जरा जपूनच वाचावी.

६. रोमन लोकांना शेकडो देव चालत होते, मग एक जास्त झाला तर काय बिघडलं?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न. अडचण येशूला भजण्याची नव्हतीच. बाकीच्यांना भजायचं सोडलं, ही अडचण होती. रोमन नगरात पूजा म्हणजे आतली श्रद्धा कमी आणि गावकीचं कर्तव्य जास्त. देव खूश तर पाऊस, पीक, विजय. एका घराने वर्गणीही दिली नाही आणि जत्रेलाही आलं नाही, तर गाव काय म्हणेल याची कल्पना करा. यहुदीही इतर देव मानत नसत, पण त्यांची रीत वाडवडिलांपासूनची होती आणि जुन्याचा रोमनांना आदर होता. ख्रिस्ती कालपरवाचे, त्यातून वाडवडिलांची रीत मोडून आलेले.

त्यामुळे संकट आलं की बोट त्यांच्याकडे. कार्थेजचा तेर्तुल्यन १९७च्या सुमारास वैतागून लिहितो की टायबर नदी तटापर्यंत चढली किंवा नाईल शेतापर्यंत चढली नाही, तरी ओरड एकच: ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका. अफवाही होत्या. एकमेकांना ‘भाऊ’, ‘बहीण’ म्हणून लग्न करतात, मांस-रक्ताचं जेवण जेवतात! प्रभुभोजनाचे शब्द अर्धवट ऐकले की असं होणारच. प्लिनीने दोन गुलाम स्त्रियांचे हाल करून चौकशी केली तेव्हा निघालं काय, तर ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर साधं अन्न खातात.

टवाळी कशी चालायची त्याचा एक नमुना रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर ओरखडलेला मिळाला आहे. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात उंचावलेला एक जण आणि मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ओळ: अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो.

७. देवाला वाहिलेलं मांस त्यांना चालत होतं का?

प्रसादाचा प्रश्न आजही घरोघरी निघतो, म्हणून हे नेहमी विचारलं जातं. मंदिरात बळी दिलेल्या जनावराचं बरंच मांस बाजारात विकायला येई, आणि मंदिरांना जोडून जेवणाची दालनंही असत. पौलाने करिंथकरांना व्यवहारी उत्तर दिलं: बाजारात मिळेल ते न विचारता घ्या, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी सोडा. मूर्तीपुढच्या पंगतीला मात्र बसू नका. पुढच्या पिढ्या याहून कडक झाल्या. बिथिनियात तर वाहिलेल्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं, असं प्लिनीच्या पत्रात आहे. खाटकांची तक्रार सुभेदारापर्यंत गेली असावी, असा माझा अंदाज.

८. तीनशे वर्षं सलग छळ चालू होता का?

नाही. ६४ मध्ये रोमला आग लागल्यावर नीरोने ख्रिस्त्यांना हालहाल करून मारलं, पण ते रोमपुरतं. सम्राट त्रायानने प्लिनीला लिहिलं की त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण समोर आले आणि मागे हटले नाहीत तर शिक्षा करा. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं बरंचसं सुभेदाराच्या मर्जीवर आणि जमावाच्या मूडवर होतं. १७७ मध्ये लियोंमध्ये कहर झाला. त्याच वेळी इतर अनेक गावांत काहीच घडत नव्हतं.

साम्राज्यभर हुकूम निघाला तो डेसियसचा, २४९च्या अखेरीस. प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि समितीपुढे दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तच्या वाळूत चाळीसहून अधिक सापडले आहेत. एकावर औरेलियस दियोगेनेस हे नाव आहे: वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. आपल्या जुन्या दाखल्यांवरच्या ‘ओळखीची खूण’ या रकान्याची आठवण होते. मजकूर ठरलेला: मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आत्ताही तुमच्यासमोर दिला, अर्पण केलं, प्रसाद चाखला, कृपया खाली सही करावी. तारीख २६ जून २५०. आणखी एक दाखला तर मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. म्हणजे देवळात राबणाऱ्या बाईलाही ‘मी देव मानते’ असा कागद करून घ्यावा लागला.

व्हॅलेरियनच्या वेळी पुन्हा कारवाई झाली. कार्थेजचा बिशप सिप्रियन २५८ मध्ये मारला गेला. २६० नंतर चाळीस वर्षं बरीच शांतता, आणि मग ३०३ ते ३१३ हा शेवटचा, सर्वांत मोठा छळ.

९. ज्यांनी भीतीपोटी बळी दिला, त्यांना परत घेतलं का?

छळापेक्षा या प्रश्नाने मंडळी जास्त फाटली. कुणी खरोखर बळी दिला होता, कुणी लाच देऊन नुसता दाखला मिळवला होता. सिप्रियनने मधला मार्ग धरला: प्रायश्चित्त घ्या, मग या. रोममध्ये नोव्हातियन या धर्मगुरूला हे ढिलं वाटलं आणि त्याने २५१ मध्ये वेगळी चूल मांडली.

३०३ मध्ये ‘धर्मग्रंथ आणून द्या’ असा हुकूम निघाल्यावर ग्रंथ देणारे ते द्रोही ठरले. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावच्या जप्तीचा पंचनामा शिल्लक आहे, १९ मे ३०३चा. अधिकारी प्रार्थनाघरात शिरतो आणि कारकून यादी करतो: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, मग बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांची पायताणं १३ जोड, बायकांची ४७ जोड. हा सगळा वाटपाचा माल दिसतो, गरीब बायाबापड्यांसाठी जमवलेला. नंतर पथक घरोघर फिरतं. फरशीकाम करणारा फेलिक्स पाच ग्रंथ काढून देतो, शाळामास्तर दोन ग्रंथ आणि चार सुट्या वह्या. ‘आणखी असतील’ असं मास्तरला दरडावलं जातं. तो म्हणतो, असते तर दिले असते. त्या घरांत कुणी वीरही नव्हतं आणि कुणी खलनायकही. पण हेच प्रकरण पुढे दोनातवादी फुटीत (ग्रंथ देणाऱ्या धर्मगुरूंना न मानणाऱ्यांनी उत्तर आफ्रिकेत वेगळी मंडळी काढली, ती) उगाळलं गेलं, आणि ती फूट शतकभराहून जास्त चालली.

१०. स्त्रियांना स्थान होतं की नव्हतं?

दोन्हीला पुरावा आहे. पौल फिबीला किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणतो, आणि तिथे वापरलेला ग्रीक शब्द पुरुषांसाठीही पदवाचक म्हणून येतो. प्लिनीने छळलेल्या दोघी (प्रश्न ६) गुलाम होत्या, तरी त्यांनाही त्यांच्या मंडळीत असंच नाव होतं. पण ‘स्त्रीने शिकवू नये’ हे वाक्यही नव्या करारातच, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातच, आहे, आणि मंडळीला पदांची उतरंड आली तशी बायकांची जागा आक्रसत गेली.

कार्थेजच्या पर्पेतुआचं टिपण जरूर वाचा. २०३ मध्ये मारली गेली तेव्हा ती बाविशीची, अंगावर पिणारं बाळ असलेली. म्हातारा बाप येऊन हात धरतो, रडतो, पाया पडतो. बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाल्यावर ती लिहिते की तुरुंगच आता वाड्यासारखा वाटायला लागला. प्राचीन काळच्या स्त्रीचं स्वतःच्या हातचं लिखाण इतकं कमी उरलं आहे की ते ख्रिस्ती नसलेल्यांनीही वाचावं.

११. त्यांनी गुलामगिरी संपवली का?

नाही. पौल अनेसिम या गुलामाला मालकाकडे परत पाठवतो. ‘भाऊ म्हणून स्वीकार’ असं पत्र सोबत देतो, पण ‘मुक्त कर’ असं स्पष्ट लिहीत नाही. दुसऱ्या शतकात अंत्युखियाचा इग्नातियस सांगतो की गुलामांनी मंडळीच्या पैशातून सुटकेची अपेक्षा धरू नये. गुलाम माणूस बिशप होऊ शकला (प्रश्न ५), आणि बिशपांच्या पदरीही गुलाम होते. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी माणूस विकत घेण्यावरच सडकून टीका करतो. पण तो एकटाच म्हणावा असा.

१२. ख्रिस्ती माणूस सैन्यात जाई का?

२९५ मध्ये नुमिदियातल्या थेवेस्ते गावी मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराला भरतीसाठी उभं केलं. उंची मोजली. गळ्यात शिशाची मुद्रा घालायला लागले तर तो म्हणाला, मी ख्रिस्ती, मला सैनिक होता येत नाही. सुभेदाराने समजावलं की खुद्द सम्राटांच्या पहाऱ्यात ख्रिस्ती शिपाई आहेत. पोरगा म्हणाला, त्यांचं त्यांना माहीत. त्याचं शिर उडवलं. तुमच्या प्रश्नाची ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं या एका संवादात आहेत.

१३. मग इतक्या वेगाने वाढ कशामुळे झाली?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जे कागदावर दिसतं ते सांगतो. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस हिशेब देतो: ४६ प्रिस्ट (धर्मगुरू), ७ डीकन (त्यांच्याखालचे सेवक), ५२ भुतं काढणारे-वाचक-द्वारपाल, आणि मंडळीच्या अन्नावर असलेल्या विधवा व गरजू १,५०० हून अधिक. सरकारी मदतीशिवाय एवढी माणसं पोसणारी दुसरी संघटना त्या शहरात शोधावी लागेल. त्याच सुमारास मोठी साथ आली, तेव्हा ख्रिस्त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली असं अलेक्झांड्रियाचा बिशप लिहितो. तो आपल्याच लोकांबद्दल लिहितोय, हे ध्यानात ठेवावं. पण विरोधकाचीही साक्ष आहे. जुन्या देवांकडे परतलेला सम्राट ज्युलियन ३६२ मध्ये आपल्या पुजाऱ्याला कुरकुरत लिहितो की हे गालिली (ख्रिस्त्यांना तो हेच नाव वापरी) त्यांचे गरीब तर पोसतातच, आपलेही पोसतात.

मुलं टाकून देणं मंडळीला मान्य नव्हतं, हेही महत्त्वाचं. इ.स.पू. १ मधलं एका मजुराचं बायकोला पत्र इजिप्तमध्ये सापडलं आहे. मायेने चौकशी केली आहे, आणि मध्येच: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे.

१४. कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला आणि नायसियाच्या परिषदेत बायबल ठरवलं, बरोबर?

दोन्ही चूक. ३१३ मध्ये कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस यांनी सर्वांना उपासनेची मोकळीक दिली आणि ख्रिस्त्यांची जप्त मालमत्ता परत केली. राजधर्म झाला तो ३८० मध्ये थिओडोसियसच्या हुकमाने. कॉन्स्टन्टाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात.

नायसियात ३२५ मध्ये वाद होता अलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मगुरूचा: पुत्र, म्हणजे येशू, पित्यासारखाच, म्हणजे देवासारखाच, अनादि आहे की निर्माण केलेला? शिवाय पुनरुत्थानाच्या सणाची (ईस्टरची) तारीख आणि शिस्तीचे वीस नियम. ग्रंथांची यादी त्यात नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी एका यादीत दिसतात ती ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या पत्रात.

१५. नाताळ पहिल्यापासून होता का?

नव्हता. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद चौथ्या शतकातल्या रोमची. आधीची भांडणं पुनरुत्थानाच्या सणावरून होती. १९०च्या सुमारास रोमच्या बिशपाने त्यावरून आशियातल्या मंडळ्यांना वाळीत टाकायला घेतलं होतं.

१६. सत्ता आल्यावर त्यांनी इतरांशी कसं वागलं?

हे विचारणारे बहुधा उत्तर ठरवूनच विचारतात, पण प्रश्न रास्त आहे. ३८५च्या सुमारास प्रिसिलियन या बिशपाला त्रियेरमध्ये देहान्त शिक्षा झाली. ख्रिस्ती सम्राटाच्या अमलाखाली, ख्रिस्त्यांच्याच तक्रारीवरून. ३८८ मध्ये फरातकाठच्या कॅलिनिकम गावी जमावाने यहुदी सभास्थान जाळलं. थिओडोसियस भरपाई करायला लावत होता, तर मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला आणि सम्राटाने माघार घेतली. काही वर्षांतच अलेक्झांड्रियातलं सेरापिस देवाचं भव्य मंदिर उद्ध्वस्त झालं. उलट बाजूला हेही खरं की प्रिसिलियनच्या शिक्षेचा निषेध तूरचा बिशप मार्टिन याने तेव्हाच केला होता.

१७. संत थॉमस खरंच भारतात आले का? आणि महाराष्ट्रात तेव्हा ख्रिस्ती होते का?

थॉमस हे येशूच्या शिष्यांपैकी एक. ते आल्याचं साल केरळची परंपरा इ.स. ५२ सांगते. लिखित कथा तिसऱ्या शतकातली, सिरियाक भाषेतली: राजा गुंडफर राजवाड्यासाठी पैसे देतो आणि थॉमस ते गरिबांना वाटून टाकतो. या राजाची नाणी वायव्य भारतात सापडली आहेत, म्हणजे नाव तरी कल्पित नाही. त्यावरून थॉमस आले हे सिद्ध होत नाही, आले नाहीत हेही नाही.

महाराष्ट्राचा धागा नंतरचा आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कोस्मास लिहितो की मिरी पिकते त्या मलबारात मंडळी आहे आणि ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात; काही जण ते दक्षिणेत शोधतात. कल्याण तेव्हा मोठं बंदर होतं, कान्हेरीच्या शिलालेखांत तिथल्या दानकर्त्यांची नावं आहेत, त्यामुळे मला पहिलं मत पटतं. वसईच्या ख्रिस्ती समाजाशी मात्र याचा संबंध जोडू नका. ती गोष्ट सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर सुरू होते, आणि कल्लियानाच्या त्या बिशपाचं नावसुद्धा कोस्मासने लिहून ठेवलेलं नाही.